गळ्यातून काढलेला हार

सोमवार, ११ ऑगस्ट २००३

आज सकाळी मी एका साधूच्या गळ्यातला हार काढून घेतला.

पश्चात्ताप म्हणावा तर तसा नाही. राग आहे. आजवर मी कुणा साधूकडे पाठसुद्धा केलेली नाही. मखमलाबादच्या शाळेतले आमचे गुरुजी सांगायचे, राग आला की चार ओळी लिहाव्यात, निवळतो. बघू.

श्रावणी सोमवार, त्यात सिंहस्थ. त्र्यंबकेश्वराला साधूंचे तळ पडलेत. विरक्तगिरी महाराज म्हणून एक आलेत, मूळचे नाशिकचेच, म्हणून आमच्या गावाने तिथं जाऊन त्यांचं स्वागत करायचं ठरवलं. फुलांचा मळा माझा, तेव्हा हाराचं काम माझ्याकडे आलं. मी ते वत्सलाबाईंना दिलं. पंचवटीत कपालेश्वराच्या पायऱ्यांखाली त्या हार करायला बसतात. माझी फुलं रोज त्यांच्याकडे जातात.

हार पुरुषभर उंचीचा झाला. झेंडू, मधे निशिगंध, खाली बेलाचा गोंडा. देवाच्या हाराचा दोरा वत्सलाबाई कात्रीने कापतात, पुढाऱ्याच्या हाराचा दाताने तोडतात. देवाचा उष्टा होऊ नये म्हणून. आजचा हार त्यांनी कात्रीने कापला. घालताना सुटला तर टाका मारायला म्हणून त्या जीपमधून बरोबर आल्या. मीच या म्हणालो होतो.

सरपंचांनी हार घातला, टाळ्या झाल्या. वत्सलाबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या, हातात सुई. भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात त्या म्हणाल्या, "आप्पा, हा भास्कर आहे."

भास्कर म्हणजे त्यांचा नवरा. मागच्या सिंहस्थात साधूंची मिरवणूक बघायला म्हणून घरातून गेला तो परत आला नाही. घरी म्हातारी आई आणि तरणी बायको ठेवून.

पुढचं मी ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. मी व्यासपीठावर चढलो आणि महाराजांच्या गळ्यातला हार वर उचलला. त्यांना वाटलं काही नीट करायचं राहिलं असेल. त्यांनी स्वतःच मान खाली घालून मला मदत केली. खाली लोक हात जोडून उभे. कुणीतरी म्हणालं, "दुसरा मोठा आणलाय वाटतं." मी हार पाटीत भरला आणि निघालो. वाटेत एका गाईपुढे ठेवला. फुलं फेकणं माझ्याने होत नाही.

परतताना जीपमधे वत्सलाबाईंनी विचारलं, "हार का काढलात?"

"राग आला."

"राग मला यायचा होता. माझा राग तुम्ही कशाला खर्च केलात?"

त्यानंतर रस्ताभर त्या बोलल्या नाहीत. चार ओळींच्या कितीतरी ओळी झाल्या. राग तसाच आहे.

बुधवार, १३ ऑगस्ट

त्या अजून बोलत नाहीत. निशिगंधाच्या दांड्या मी स्वतः निवडून नेल्या, तर म्हणाल्या, "ठेवा तिथं." एवढंच. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटतं, दुसरं काही नाही. माणुसकी म्हणून वाटतं. अन्याय दिसला की कोणालाही वाटेल.

कपालेश्वराला गेलो. या देवळात शंकरापुढे नंदी नाही. इतर ठिकाणी लोक नंदीच्या कानात आपलं मागणं सांगतात. मी एकदा वत्सलाबाईंना म्हटलं होतं, इथं सांगायचं कुणाला, तर हसून म्हणाल्या, "म्हणून तर तुमची पंचाईत होते आप्पा. तुमचं सगळं कुणाच्या तरी कानातून असतं. मळ्यात कीड पडली तर तुम्ही मला सांगता आणि मी औषधवाल्याला." तेव्हा मीही हसलो होतो. आज देवापुढे उभा राहिलो आणि काय मागायचं तेच सुचेना.

मंगळवार, १९ ऑगस्ट

बातमी फुटली. माझी वहिनी कलाबाई आज चार बायका घेऊन वत्सलाबाईंकडे ओटी भरायला गेली. हिरव्या बांगड्या, नारळ, खण. संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून मला सांगते, "लय नशिबाची बाई हाय ती. नवरा देव झाला! आम्हाला बघा, आमचा नवरा धड मानूस पन झाला नाय."

मी म्हटलं, "वहिनी, संन्यासी स्वतःचं पिंडदान करून मगच संन्यास घेतो. संसारापुरता तो मेला. मग ती सवाशीण कशी?"

"मग इधवा म्हना."

"पण तुम्ही तर ओटी भरून आलात."

"आता त्ये महाराज हायेत, त्यांच्या मंडळीला इधवा म्हनायचं व्हय? पाप लागंल!"

म्हणजे कुंकू लावायचं ते मेलेल्या माणसाच्या नावाने आणि जन्म काढायचा तो जिवंत माणसाच्या धाकात. बारा वर्षं त्या बाईने सासू सांभाळली, या बायका तिला हळदीकुंकवाला बोलवत नव्हत्या. आज बांगड्या घेऊन गेल्या. जेवण गेलं नाही. सूनबाई शुभांगी म्हणाली, "आप्पा, तब्येत बरी नाही का?" मी उगाच तिच्यावर ओरडलो. आमटीत मीठ कमी आहे म्हणालो. बरोबर होतं मीठ.

शनिवार, २३ ऑगस्ट

त्र्यंबकला जाऊन महाराजांना भेटलो. हार काढणारा मीच, हे त्यांना कळलं नव्हतं. मी पाया पडलो. सवय. पडल्यावर स्वतःचीच चीड आली.

"महाराज, आपण पूर्वाश्रमीचे भास्कर ना? पंचवटीतले?"

ते शांतपणे म्हणाले, "त्या नावाचा माणूस गेला. त्याचे पिंड आम्ही आमच्या हाताने दिले."

"त्याची बायको आहे. आई आहे. परवा आई इथं येऊन गेली."

"पुष्कळ माता येतात."

कुसाबाई, म्हणजे त्यांची आई, परवा रांगेतून आली होती. काठी टेकत. तिला यांनी सगळ्यांसारखे साखरफुटाणे दिले. संन्याशाला सगळं जग नमस्कार करतं, पण संन्यासी आपल्या आईला नमस्कार करतो. माझ्यासारख्या सातवी शिकलेल्याला हे ठाऊक आहे. यांना नसेल?

मी विचारलं, "मग त्या बाईने काय समजायचं स्वतःला?"

"हे संसारी प्रश्न. तिला सांगा, नामस्मरण कर." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "तू कोण तिचा?"

"फुलं देतो," मी म्हटलं.

ते हसले. हसणं वाईट नव्हतं, त्याचाच जास्त राग आला. त्र्यंबकराजाचं दर्शन न घेता परतलो. आयुष्यात पहिल्यांदा. मला देवाचा राग आलेला नाही, हे इथं लिहून ठेवतो. देवाच्या नावाने हात झटकणाऱ्यांचा आला आहे.

शनिवार, ३० ऑगस्ट

हरतालिका. बायकांचा कडक उपास, नवऱ्यासाठी.

मी फुलं घेऊन पोचलो तर वत्सलाबाई जागेवर नाहीत. समोरच्या हॉटेलच्या बाकड्यावर बसून मिसळ खात होत्या. रस्त्याकडे तोंड करून. तर्री लालभडक, वर कांदा, लिंबू पिळलेलं. पूजेला निघालेल्या बायका थबकून बघत होत्या. कलाबाईही होती त्यांच्यात.

"अगं बाई, आज हरतालका ना!"

"हो ना. म्हणून पाव जास्तीचा घेतलाय."

"नवऱ्याचं आयुष्य..."

"त्यांनी स्वतःचं श्राद्ध केलंय कलाबाई. श्राद्धाचं जेवण कुणी मला घातलं नाही, ते आज जेवतेय."

कलाबाईने पदर तोंडाला लावला. मला हसू फुटलं. मी कोपऱ्यात तोंड करून हसत होतो तर वत्सलाबाई म्हणाल्या, "आप्पा, हसायचं तर इकडे तोंड करून हसा. आणि बसा. तुमचा शनिवार असेल, शेव काढून खा." माझा शनिवारचा उपास मोडला. मिसळीवर कसला उपास, शेव काढली तरी.

हॉटेलवाल्याने महाराजांच्या मंडळाचा निरोप सांगितला. पुन्हा तसाच हार पाहिजे. वत्सलाबाईंनी जागेवर येऊन लगेच ओवायला घेतला. मी म्हटलं, "नाही म्हणा."

"का? धंदा आहे." शेवटची फुलं ओवली, गाठ मारली, आणि दोरा दाताने तोडला. कचकन.

मग सावकाश म्हणाल्या, "मला वकिलाकडे जायचंय. मला मेलेल्याची बायको व्हायचं नाही आणि देवाची पण नाही. मला नुसती वत्सला व्हायचंय. कुणासाठी नाही, आधीच सांगून ठेवते."

"मी कुठं काय म्हटलं?"

"नाही ना म्हटलंत. तुम्ही कधीच काही म्हणत नाही."

यावर मला राग का यावा, समजलं नाही. दिवसभर होता.

रविवार, १४ सप्टेंबर

गंगापूर रोडला सरिता नावाच्या वकीलबाई आहेत. तरुण आहेत, पण ऐकून घेतात. त्या म्हणाल्या, संन्यास घेऊन संसार सोडला, हे कायद्यात घटस्फोटाचं कारण आहे. फक्त साक्षीदार पाहिजे. हा तोच भास्कर आणि याने रीतसर संन्यास घेतला, हे शपथेवर सांगणारा.

गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक. सांगणारा एक नाही. ज्याने भास्करला शाळेत शिकवलं तो म्हणतो, साधूविरुद्ध बोललो तर नातवंडांना भोगावं लागेल. भास्करचा मित्र म्हणतो, मला दिसायचं कमी झालंय. काल तोच माणूस लांबून हाक मारून म्हणाला होता, "आप्पा, शर्टाचं बटण उघडं आहे."

कुसाबाई एकटी तयार होती. "मी सांगते, मी जन्म दिलाय." पण म्हातारीला कोर्टात उभं करायला वत्सलाबाई तयार नाहीत. म्हातारी मला म्हणाली, "माझा भास्कर मेला म्हनतो. मग आईला एकदा रडू तरी द्यायचं व्हतं. साखरफुटानं देतो हातावर!"

मी म्हटलं, मी देतो साक्ष. माझ्यापाशी ते स्वतः बोललेत.

रात्री जेवताना मुलाला, सुनीलला, सांगितलं. तो ताटावरून उठला.

"आप्पा, तळावर आपली फुलं जातात. गाव काय म्हणेल? आणि तुमचा काय संबंध?"

"फुलं देतो."

"फुलं देणारे शंभर आहेत!"

"खोटं बोलणारे हजार आहेत," मी ओरडलो. भांडं आपटलं. सुनीलची आई गेल्यापासून माझा एवढा आवाज या घराने ऐकला नव्हता. तळावर फुलं देणं मी उद्यापासून बंद करतो आहे. बंदच.

रविवार, ५ ऑक्टोबर

दसरा. झेंडू पहाटेच संपला. वत्सलाबाईंकडे एवढी गर्दी की मान वर करायला सवड नाही. सुईने टोचलेली बोटं पिवळी झालेली. कुणा गिऱ्हाइकाने त्यांना 'साध्वीबाई' म्हणून टोमणा मारला. मी त्याची कॉलर धरली. वत्सलाबाईंनीच सोडवलं. "सोडा, हार घ्यायचा राहिलाय त्याचा," म्हणाल्या.

या वयात कॉलर. मला माझंच भय वाटलं.

बुधवार, ११ फेब्रुवारी २००४

बरेच दिवस लिहिलं नाही. अर्ज दाखल झाला. तळावर नोटीस गेली, महाराज त्याआधीच उत्तरेकडे निघून गेले. पेपरात जाहिरात झाली. तारखा पडताहेत.

आज सकाळी पायऱ्यांखाली वत्सलाबाईंची जागा रिकामी. शेजारच्या नारळवाल्याने सांगितलं, सासूला मनमाडला भाच्याकडे पोचवायला गेल्यात, चार-आठ दिवस लागतील. मी फुलांची पाटी डोक्यावर घेऊन तिथंच उभा. आधी नारळवाल्याचा राग आला, मग मनमाडचा, मग त्यांच्या बसायच्या रिकाम्या पोत्याचा. मला न सांगता गेल्या. मला का सांगतील? मी कोण?

देवळात जाऊन बसलो. तिथं मला कळलं. सहा महिने हा राग मी धर्माच्या नावावर चालवला. महाराजांनी कोणता नेम मोडला, गाव कसं ढोंगी, हे सगळं खरंच आहे. पण धर्म मोडलेला मी याआधीही पाहिलाय आणि चार ओळी लिहून झोपलोय. इतकं पेटून मी माझ्यासाठीच उठलोय. पन्नाशीला आलो, नातू शाळेत जातो, आणि पिवळी बोटं दिसली नाहीत म्हणून डोळ्यांत पाणी. सुनीलच्या आईवर माझं प्रेम होतं. ते घरातल्या तुळशीसारखं होतं, आहे ते आहे, कधी तपासून पाहिलं नाही. हे वेगळं. हे मला विचारत बसतं, तू कोण आहेस.

देवापुढे बोललो नाही. त्याला माहीत असणार. आता लाज वाटते आणि तिचाही राग येतो.

मंगळवार, १५ जून

सीबीएस स्टँडसमोरच्या कोर्टात माझी साक्ष झाली.

वकीलबाईंनी बजावलं होतं, "नातं विचारलं तर फुलांचा व्यवहार, एवढंच सांगा. एक शब्द जास्त नाही." मी मान डोलावली होती. वत्सलाबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या.

ईश्वराला स्मरून खरं सांगेन, असं म्हणायला लावलं. म्हटलं. त्र्यंबकला काय बोलणं झालं ते सांगितलं. पिंडांचं सांगितलं. न्यायाधीश साहेब लिहवून घेत होते. मग त्यांनी मान वर न करता विचारलं, "अर्जदार बाई तुमच्या कोण?"

हाच प्रश्न साधूने विचारला, मुलाने विचारला. दोघांना मी 'फुलं देतो' म्हणालो. पण त्या वेळी ईश्वराला साक्ष ठेवलं नव्हतं.

"साहेब, आजपर्यंत कोणी नाही," मी म्हणालो. "व्हावं असं माझ्या मनात आहे. त्यांना मी विचारलेलं नाही. आणि हा अर्ज त्यांनी माझ्यासाठी केलेला नाही, हेही शपथेवर सांगतो."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे नीट बघितलं. मग टायपिस्टकडे वळून म्हणाले, "लिहा, फुलांचा व्यवहार आहे." कोर्ट हसलं. साहेब म्हणाले, "संन्यास सिद्ध झाला की नाही तेवढाच माझा प्रश्न आहे, काका. जा." महिन्याभरात निकाल देतो म्हणाले.

बाहेर लिंबाखाली वत्सलाबाईंनी मला गाठलं. इतक्या चिडलेल्या मी त्यांना कधी पाहिल्या नव्हत्या.

"वर्षभर मी सगळ्यांना सांगतेय, मी हे कुणासाठी करत नाही. आणि तुम्ही भर कोर्टात..."

"शपथ घातली होती."

"शपथ कोर्टाने घातली, की तुम्ही कारणच शोधत होतात?"

मी चपलेकडे बघत राहिलो.

"आणि सांगितलंत कुणाला? साहेबाला! टायपिस्टला! तिथंही नंदी सापडला तुम्हाला! मी मागे बसले होते आप्पा. तुमची पाठ होती माझ्याकडे."

रिक्षात बसून निघून गेल्या. मी घरापर्यंत चालत आलो. आज कुणावरही राग नाही. म्हणजे एकावर आहे. साधूकडे कधी पाठ केली नाही, हे मी मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं.

सुनीलला जेवणाआधीच सगळं सांगितलं. तोंडावर. तो जेवायला बसला. या वेळी ताटावरून उठला नाही.

बुधवार, १६ जून

फुलं काढली. निशिगंध आज निवडला नाही, होता तसा भरला. सुनील म्हणाला, टेम्पो मी चालवतो. का, ते मी विचारलं नाही.

कपालेश्वराला नुसता नमस्कार केला, काही मागितलं नाही. पायऱ्या उतरलो. वत्सलाबाई ओवत होत्या. पुढे गिऱ्हाइकं होती, नारळवाला होता, आणि नेमकी कलाबाई, वेणी घ्यायला आलेली. माझा पाय मागे सरकला. उद्या सांगू, गर्दी नसताना, असं मनात आलं. हे मन मला आता ओळखू येतं.

पाटी खाली ठेवली आणि समोर उभा राहिलो.

"वत्सलाबाई, निकाल लागू दे, न लागू दे. मला तुमच्याशी लग्न करायचंय. नाही म्हणालात तरी फुलं रोज येतील."

कलाबाईच्या हातातली वेणी खाली पडली. मागे टेम्पोचं इंजिन बंद झालं.

वत्सलाबाईंनी हातातला दोरा दाताने तोडला. मग मान वर करून, डोळे बारीक करून म्हणाल्या, "काय म्हणालात? देवळातली घंटा वाजली, ऐकू नाही आलं."

घंटा वाजली नव्हती. मी परत सांगितलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने.